जागल्या गाठीचा शोध: निळा रंग, किरणं आणि चुंबक

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत, बाकी बरंचसं जसं बोललो तसंच ठेवलंय. आणि आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. हा इतिहासाचा भाग आहे, वैद्यकीय सल्ला नाही.

गोष्ट सुरू होते नाशकात, भद्रकालीतल्या एका बांगड्यांच्या दुकानात. मावसबहिणीचं लग्न होतं, चुडा भरायला घरातल्या सगळ्या बायका गेल्या होत्या आणि गाडी चालवायला म्हणून मी. मावशीच्या उजव्या हातात अडीचच्या बांगड्या सहज गेल्या. डाव्या हातात पावणेतीनच्याही चढेनात. दुकानातल्या काकू म्हणाल्या, "ताई, साबणाचं पाणी लावून बघू का?" मावशी हसली. म्हणाली, "नको हो, हा हात असाच आहे. वीस-बावीस वर्षं झाली."

२००३ साली मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. मी तेव्हा पहिलीत होतो. मला आठवतं ते एवढंच, की आई आणि काका सकाळी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जायचे आणि रात्री उशिरा परत यायचे. मावशी बरी झाली, आजही ठणठणीत आहे. पण काखेतल्या गाठी काढल्यामुळे डावा हात सुजला तो कायमचा. याला लिंफेडिमा म्हणतात. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, त्या हाताला सुई टोचायची नाही, साधं खरचटलं तरी जपायचं, असे नियम तिने इतकी वर्षं पाळलेत.

त्या रात्री तिने कपाटातून जुनी फाईल काढली. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की काखेतल्या १८ गाठी तपासल्या आणि अठराच्या अठरा स्वच्छ निघाल्या. मग तिने मला विचारलं, "अरे, आता म्हणे चुंबक लावून एकच गाठ शोधतात. मग माझ्या वेळी का नव्हतं ते?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा भाग.

काखच का?

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांसारखंच आणखी एक जाळं आहे, लसिकावाहिन्यांचं. पेशींमधून पाझरलेलं पाणी गोळा करून ते परत रक्तात सोडायचं, हे त्याचं काम. वाटेत जागोजागी घेवड्याच्या दाण्यासारख्या लसिका ग्रंथी असतात. बोलीभाषेत आपण त्यांनाही गाठीच म्हणतो. स्तनातलं बहुतेक पाणी काखेतल्या गाठींकडे जातं. त्यामुळे कॅन्सरच्या पेशी मूळ जागेवरून सुटल्या, की पहिला मुक्काम बहुतेक वेळा काखेत पडतो.

अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या ५० शस्त्रक्रियांचा अहवाल छापला. विचार सरळ होता. कॅन्सर पायरी पायरीने पसरतो, तर सगळ्या पायऱ्या एकदमच काढून टाका. स्तन, त्याखालचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर याच विचाराचं राज्य होतं.

त्याला धक्का दिला बर्नार्ड फिशर यांनी. १९७१ मध्ये त्यांनी बी-०४ नावाची चाचणी सुरू केली. ज्यांच्या काखेत हाताला गाठ लागत नव्हती अशा स्त्रियांचे गट पाडले. काहींची काख सुरुवातीलाच साफ केली, काहींच्या काखेला किरणोपचार दिले आणि काहींची काख तशीच ठेवून नजर ठेवली, गरज पडली तरच नंतर शस्त्रक्रिया. २००२ मध्ये २५ वर्षांचे निकाल आले. या गटांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक नव्हता.

मग काखेला हात लावायचाच कशाला? कारण गाठींत कॅन्सर आहे की नाही, यावर पुढचे उपचार ठरतात. केमोथेरपी द्यायची का, किरणं कुठपर्यंत द्यायची, हे त्यावर अवलंबून. म्हणजे गाठी काढण्यामागे उपचार हा एक हेतू होताच, पण त्याहून मोठा हेतू होता माहिती मिळवणं. आणि एका माहितीसाठी १८ गाठी काढणं म्हणजे, आमच्या भाषेत सांगायचं तर, एक ओळ वाचायला अख्खा डेटाबेस डाऊनलोड करणं. फक्त इथे त्याची किंमत कुणाचा तरी हात मोजतो.

वेशीवरचा जागल्या

जुन्या गावगाड्यात वेशीवर जागल्या असायचा. गावात कोण आलं, कोण गेलं, ते आधी त्याला कळायचं. स्तनातून काखेकडे जाणारं पाणी ज्या गाठीत सगळ्यात आधी पोचतं, ती गाठ म्हणजे जागल्या. इंग्रजीत तिला सेंटिनेल नोड म्हणतात, अर्थ तोच, पहारेकरी. ही पहिली गाठ स्वच्छ असेल तर मागच्याही स्वच्छ असण्याची शक्यता खूप जास्त. मग बाकीच्यांना हात लावायची गरज नाही.

हा शब्द १९६० मध्ये गूल्ड आणि सहकाऱ्यांनी कानाजवळच्या लाळग्रंथीच्या कॅन्सरबाबत वापरला. १९७७ मध्ये रामोन काबान्यास यांनी शिश्नाच्या कॅन्सरमध्ये कल्पना नीट मांडली. पण त्यांनी ती गाठ ठरावीक जागी असते असं धरलं होतं. प्रत्येक माणसाचा जागल्या वेगळ्या जागी उभा असू शकतो, हे त्यात सुटलं.

खरी युक्ती आली १९९२ मध्ये. कॅलिफोर्नियात डोनाल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या मेलानोमा या कॅन्सरमध्ये ट्यूमरच्या आजूबाजूला निळा रंग टोचला. तो लसिकावाहिन्यांतून वाहत गेला आणि पहिल्या गाठीत जाऊन थांबला. चीर दिली की निळी झालेली गाठ दिसायची. मॉर्टन यांचे सहकारी अरमांडो ज्युलियानो यांनी हेच स्तनाच्या कॅन्सरमध्ये केलं आणि १९९४ मध्ये १७४ शस्त्रक्रियांचा अनुभव छापला. त्यांत ११४ वेळा जागल्या सापडला, म्हणजे तीनात दोन वेळा. सुरुवात म्हणून उत्तम, पण विसंबून राहण्याइतकं नाही. निळा रंग दिसायला आधी नेमक्या जागी चीर द्यावी लागते आणि सगळी मदार सर्जनच्या नजरेवर.

किरणं, आणि त्यांच्यामागचा कारखाना

दरम्यान १९९३ मध्ये डेव्हिड क्रॅग यांनी दुसरा रस्ता काढला होता. रंगाऐवजी किरणोत्सारी टेक्नेशियम टोचायचं आणि पेनासारखा गॅमा प्रोब काखेवर फिरवायचा. गाठ जवळ आली की टिकटिक वाढते. पहिल्या २२ रुग्णांपैकी १८ जणींमध्ये गाठ सापडली. पुढे रंग आणि किरणं एकत्र वापरायला लागले आणि हीच जोडी प्रमाण पद्धत बनली.

आता मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. टेक्नेशियम बाटलीत भरून कपाटात ठेवता येत नाही. त्याचं अर्धायुष्य ६ तास, दर सहा तासांनी निम्मं संपतं. मी कागदावर हिशोब केला. समजा सकाळी नवी मुंबईतून गाडी निघाली आणि कसारा घाट चढून पाच तासांत नाशिकला पोचली. निघताना १०० होतं, पोचताना ५६ उरतं. म्हणून मूळ द्रव्य पाठवतात, मॉलिब्डेनम. त्याचं अर्धायुष्य ६६ तास. त्याचा जनरेटर रुग्णालयात ठेवायचा आणि रोज त्यातून टेक्नेशियम 'पिळायचं'. या जनरेटरला तिथली माणसं खरोखरच गाय म्हणतात आणि त्या कामाला दूध काढणं! पण गाय आठवड्याभरात आटते, मग नवीन मागवायची.

आणि मॉलिब्डेनम येतं अणुभट्टीतून. म्हणजे त्या पेनाएवढ्या प्रोबच्या मागे अणुभट्टी आहे, वाहतूक आहे, न्यूक्लिअर मेडिसिन विभाग आहे, प्रशिक्षित माणसं आहेत आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानग्या आहेत.

या बाबतीत मुंबई नशीबवान. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ मध्ये चक्क अणुऊर्जा विभागाकडे. कॅन्सर हॉस्पिटल आणि अणुऊर्जा एका छताखाली का, असं मला लहानपणी वाटायचं. उत्तर हेच. किरणोपचार आणि किरणोत्सारी औषधं यांत दोघांचं काम एकमेकांत गुंतलेलं होतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटरही परळलाच, टाटाच्या आवारालगत सुरू झालं. ट्रॉम्बेच्या भट्ट्या हाकेच्या अंतरावर. पण धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या तालुक्याच्या गावी जो सर्जन महिन्याला दोन-तीन अशा शस्त्रक्रिया करतो, त्याने ही गाय कुठे बांधायची?

श्रीमंत देशांनाही याचा चटका बसला. मे २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली, ती सव्वा वर्ष बंदच राहिली. त्याच काळात नेदरलँड्समधल्या पेटनची भट्टीही काही महिने दुरुस्तीला गेली. जगाच्या मॉलिब्डेनमचा मोठा हिस्सा या दोन ठिकाणांहून यायचा. जगभरात तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या.

चुंबक कसं काम करतं

या परावलंबनाला उत्तर म्हणून चुंबक आलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले भौतिकशास्त्रज्ञ क्वेंटिन पँकहर्स्ट आणि ह्यूस्टन विद्यापीठातले ऑड्रियस ब्राझ्डाइकिस यांच्या कामातून २००७ मध्ये एंडोमॅग ही कंपनी निघाली. यंत्राचं नाव सेंटिमॅग.

तत्त्व सोपं आहे. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, साखरेच्या जातीच्या आवरणात गुंडाळलेले, द्रवात मिसळून स्तनात टोचतात. असे कण आधीपासून एमआरआयमध्ये वापरात होतेच. ते वाहत जाऊन जागल्या गाठीत अडकतात. या कणांची गंमत अशी की बाहेर चुंबकीय क्षेत्र असेल तोवरच ते चुंबक होतात. क्षेत्र काढलं की शांत, त्यामुळे शरीरात ते एकमेकांना चिकटून गुठळ्या करत नाहीत. प्रोब आपलं बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतो, गाठीतले कण त्याला प्रतिसाद देतात आणि प्रोबमधली कॉइल तो प्रतिसाद पकडते. जवळ जाल तसा आकडा वाढतो, आवाज चढतो. शिवाय गाठ तपकिरी-काळी पडते, त्यामुळे डोळ्यांनाही दिसते.

टोकियो विद्यापीठात मासाकी सेकिनो आणि सहकाऱ्यांनी याहून साधा प्रोब केला. त्यात कायमचं चुंबक आणि एक हॉल सेन्सर. हॉल सेन्सर म्हणजे फोनचं कव्हर मिटलं की स्क्रीन बंद करणारा तो चिमुकला सेन्सर. चुंबकाचं स्वतःचं क्षेत्र जिथे शून्य होतं, नेमक्या त्या बिंदूवर तो बसवला, म्हणजे त्याला स्वतःच्या चुंबकाचा गोंगाट ऐकू येत नाही, फक्त कण ऐकू येतात. हे वाचून मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो!

चालतं का हे? २०१४ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या १६० स्त्रियांवरचा अभ्यास छापून आला. प्रत्येकीत दोन्ही पद्धती वापरल्या. जुन्या पद्धतीने ९५ टक्के जणींत गाठ सापडली, चुंबकाने ९४.४ टक्के. म्हणजे जवळपास बरोबरी. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली.

एक फायदा तर कुणी आधी फारसा धरलाच नव्हता. टेक्नेशियम तासांत संपतं, पण लोहाचे कण गाठीत कित्येक आठवडे राहतात. स्वीडनमधल्या उप्सालाच्या गटाने याचा उपयोग केला. काही स्त्रियांचा आजार अगदी प्राथमिक, दुधाच्या नलिकेबाहेर न पडलेला वाटतो. अशा वेळी काखेला हात न लावता नुसते कण टोचून ठेवायचे. स्तनाच्या तपासणीत पुढे आजार बाहेर पडलेला निघालाच, तर परत जाऊन गाठ शोधायची. नाहीतर काख शाबूत.

पण चुंबकाच्या मागेही त्याची वरात आहेच. स्टीलचा चिमटा प्रोबला गोंधळात टाकतो, म्हणून जवळ प्लास्टिकची उपकरणं लागतात. त्वचेवर तपकिरी डाग पडतो, तो महिनोन् महिने राहू शकतो. नंतर स्तनाचा एमआरआय केला तर त्या जागी काळी सावली येते. पेसमेकर असेल किंवा लोहाची ॲलर्जी असेल तर ही पद्धत टाळतात. आणि प्रत्येक रुग्णामागे त्या द्रवाची नवी कुपी. अणुभट्टीची गरज संपली, पण पुरवठादाराची नाही.

परळचं उत्तर

आणि इथे मला आपल्या मुंबईतल्या एका कामाचा खरंच अभिमान वाटतो. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वाणी परमार, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच वेगळा विचारला. गाठ शोधायचं यंत्र स्वस्त कसं करायचं हे नाही, तर यंत्राशिवाय चालेल का?

काखेतून एक बारीक नस दंडाकडे जाते. काख उघडली की सर्जनला ती दिसते. त्या नसेच्या खालचा भाग, चरबी आणि गाठींसकट, एकत्र काढायचा आणि वरचं सगळं जागेवर ठेवायचं. ना रंग, ना किरणं, ना चुंबक. शरीरानेच आखून दिलेली रेघ. याला लो ॲक्झिलरी सॅम्पलिंग म्हणतात. त्यांनी पावणेपाचशेच्या आसपास स्त्रियांमध्ये ही पद्धत आणि रंग-किरणांची पद्धत, दोन्ही तपासून पाहिल्या. २०१३ मध्ये निकाल छापला. काखेत आजार असूनही 'नाही' असं चुकीचं उत्तर येण्याचं प्रमाण रंग-किरणांच्या पद्धतीत १२.७ टक्के आणि नुसत्या रेघेच्या पद्धतीत १०.५ टक्के. म्हणजे बिनयंत्राची पद्धत कुठेही कमी पडली नाही. एकाऐवजी काही गाठी जातात हे खरं, पण पूर्ण काख साफ करण्यापेक्षा कितीतरी कमी. आणि हे जिल्ह्याच्या गावी, कुठल्याही नीट चालणाऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये शिकवता येतं.

कमी काढणं म्हणजे नेहमीच बरोबर, असा अर्थ मात्र काढू नका. त्याच टाटामध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांनी तोंडाच्या कॅन्सरवर मोठी चाचणी केली. मानेत गाठ हाताला लागत नसतानाही मानेच्या गाठी सुरुवातीलाच काढायच्या, की गाठ आल्यावर बघायचं? २०१५ मध्ये निकाल आला. आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. तंबाखूच्या आपल्या मुलखात हा आकडा फार मोठा आहे. त्या कॅन्सरमध्ये गाठी काढण्याने जीव वाचतो. स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याच कामाचा मुख्य उपयोग माहितीपुरता निघाला. हे अंदाजाने कळत नाही, मोजावं लागतं.

मावशीचा प्रश्न

तर, माझ्या वेळी का नव्हतं?

मावशीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा जागल्या गाठीची पद्धत जगात होती. पण तिच्यावर भरवसा ठेवायचा का, हे कुणाला पक्कं माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या बी-३२ चाचणीत १९९९ ते २००४ या काळात ५,६११ स्त्रिया दाखल झाल्या. एका गटात जागल्या स्वच्छ निघाला तर काख तशीच ठेवली, दुसऱ्या गटात तरीही पूर्ण साफ केली. दोन्ही गट सारखेच जगतात, हे छापून यायला २०१० उजाडलं. ब्रिटनच्या आल्मनॅक चाचणीचा निकाल २००६ चा. वर्षभरानंतर हात सुजल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया पूर्ण काख साफ केलेल्या गटात १३ टक्के, जागल्याच्या गटात ५ टक्के. तिच्या सर्जनने २००३ मध्ये जे केलं ते तेव्हाचं प्रमाण काम होतं. त्यांची चूक नव्हती.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. चॉक रिव्हर आणि हॉल सेन्सरपाशी तिला जांभई आली, खोटं कशाला बोलू. पण बी-३२ वर ती थांबली. म्हणाली, "म्हणजे तिकडे निम्म्या बायकांची काख स्वच्छ असूनही साफ केली?"

म्हटलं, "हो. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय कळलंच नसतं, की बाकीच्यांची ठेवली तरी चालते."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्यांचेही हात सुजले असतील. माझ्यासारखेच."

यानंतरही गोष्ट पुढेच चाललीय. २०२३ मध्ये इटलीतून साउंड नावाच्या चाचणीचा निकाल आला. गाठ २ सेंटिमीटरपर्यंतची आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असेल, तर जागल्यालाही न काढता चालतं. म्हणजे काहीजणींसाठी रंग, किरणं, चुंबक, सगळंच बिनगरजेचं ठरेल. पण आपल्याकडे बऱ्याच बायका गाठ मोठी झाल्यावरच डॉक्टरकडे पोचतात, त्यांना हा फायदा मिळत नाही. गाठ लहान असताना दाखवणं हे कुठल्याही प्रोबपेक्षा मोठं काम करतं.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी ही वेळ आली तर एक प्रश्न जरूर विचारा: "डॉक्टर, काखेतल्या किती गाठी काढणार, आणि का?" यंत्र कुठलं आहे, हे नंतर विचारलं तरी चालेल.

लग्नात मावशीच्या उजव्या हातात हिरवा चुडा होता आणि डाव्या हातात पेचाची एकच पाटली, उघडून घालता येईल अशी. फोटोत तिने डावा हात पदराखाली घेतला नव्हता.